नदीच्या वळणावरची वस्ती : जीज बेंडचा इतिहास आणि जमिनीचा प्रश्न

१

गावकुसाबाहेरच्या वस्तीला इतिहास नसतो, असा समज प्रस्थापित इतिहासलेखनाने फार खोलवर रुजवला आहे. वस्तीचा उल्लेख कागदावर येतो तो जप्ती आली तेव्हा, साथ आली तेव्हा किंवा दंगल झाली तेव्हा. मधल्या काळात तिथली माणसे काय करीत होती, कशाच्या बळावर तग धरून होती, त्यांनी कोणते निर्णय घेतले, ह्याची नोंद घेण्याची गरज कुणाला वाटत नाही. म्हणून अशा एखाद्या वस्तीचा इतिहास आरंभापासून आजपर्यंत सलग मांडता येतो तेव्हा तो आपण बारकाईने वाचला पाहिजे. ती वस्ती आपल्या देशातली नसली तरीही, किंबहुना नसली म्हणून अधिकच.

अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा हे राज्य आहे. त्या राज्यातील विलकॉक्स ह्या काउंटीत, म्हणजे आपण ज्याला जिल्हा म्हणू त्यात, अलाबामा नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पोटात, तीन बाजूंना पाणी असलेल्या जमिनीवर एक काळी वस्ती आहे. तिचे नाव जीज बेंड. २०१० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या २७५ भरली. वस्तीला नगरपालिका नाही, स्वतःचे निवडून दिलेले मंडळ नाही, स्वतःचा कर नाही. अमेरिकेत अशा असंख्य वस्त्या आहेत. त्या असतात, परंतु कायद्याने त्यांना गावपण मिळालेले नसते; त्यांचा सारा कारभार काउंटीच्या मुख्य ठिकाणाहून चालतो. स्वतःची ग्रामपंचायत नसलेली, दुसऱ्या गावाला जोडलेली वाडी कशी असते हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही स्थिती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. जीज बेंडच्या बाबतीत ते मुख्य ठिकाण म्हणजे कॅम्डेन. तेथेच न्यायालय, तेथेच मतदार नोंदणीची कचेरी, तेथेच दवाखाना आणि तेथेच सावकार. कॅम्डेन नदीच्या पलीकडे आहे. पाण्यावरून गेले तर ते जवळ; रस्त्याने वळसा घालून गेले तर सुमारे चाळीस मैल.

जवळचे असूनही चाळीस मैल दूर असणे, हा ह्या वस्तीच्या इतिहासाचा गाभा आहे.

२

वस्तीला जे नाव चिकटले आहे ते मालकाचे. जोसेफ जी हा गोरा जमीनदार १८१६ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातून येथे आला आणि त्याने गुलामांच्या श्रमावर कापसाचा मळा उभा केला. त्याच्या मागून मळा पुतण्यांकडे गेला. पुतण्ये कर्जात बुडाले आणि १८४५ साली हा मळा कर्जाच्या फेडीत मार्क पेटवे ह्या नातेवाइकाच्या हाती आला. ज्या व्यवहाराने जमीन फिरली त्याच व्यवहाराने माणसेही फिरली. पुढच्या वर्षी पेटवे आपल्या कुटुंबासह नॉर्थ कॅरोलिनाहून निघाला. त्याच्याबरोबर सुमारे शंभर गुलाम होते. मालकाचे कुटुंब गाड्यांत होते. गुलाम स्त्रीपुरुष शेकडो मैल पायी चालत आले. जीज बेंडच्या लोकस्मृतीत ही पायपीट वस्तीची आरंभकथा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली. मुक्त झालेल्या बहुसंख्य कुटुंबांनी पेटवे हेच आडनाव धारण केले किंवा त्यांना ते धारण करावे लागले. आजही वस्तीत ज्याच्या-त्याच्या नावापुढे पेटवे आहे; रक्ताचे नाते असो वा नसो. नाव कुणी दिले आणि कुणाच्या सोयीसाठी दिले, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. गावाने ठेवलेली हेटाळणीची नावे, कामावरून पडलेली नावे, दयाबुद्धीने बहाल केलेले ‘हरिजन’ हे नाव आणि त्या सर्वांना नाकारून स्वतः स्वीकारलेले ‘दलित’ हे नाव, हा प्रवास आपण केला आहे. जीज बेंडच्या माणसांनी नाव टाकले नाही. त्यांनी त्यातला मालक काढून टाकला. आज ‘पेटवे’ म्हटले की कुणाला नॉर्थ कॅरोलिनाचा जमीनदार आठवत नाही; त्या वस्तीतल्या गोधड्या शिवणाऱ्या बाया आठवतात. सूड असाही घेता येतो!

परंतु नावाचा प्रश्न सुटला तरी जमिनीचा सुटत नाही. यादवी युद्धाच्या अखेरीस, जानेवारी १८६५ मध्ये, जनरल शर्मन ह्याने समुद्रकाठच्या प्रदेशात मुक्त गुलाम कुटुंबांना प्रत्येकी चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा आदेश काढला होता. राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्यांच्या हत्येनंतर अधिकारावर आलेल्या अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी तो फिरवला आणि जमिनी पूर्वीच्या मालकांना परत दिल्या. अलाबामाच्या अंतर्भागाला तर हा आदेश लागूच नव्हता. स्वातंत्र्य मिळाले, परंतु ज्यावर उभे राहायचे ती भुई मिळाली नाही. परिणामी कालचा गुलाम आजचा वाटेकरी झाला. जमीन मालकाची, बियाणे आणि अवजारे उधारीची, हिशेबाची वही सावकाराची. हंगामाअखेर कापूस तोलला जायचा आणि वहीत मागील बाकी निघायची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मळा टस्कलूसा गावच्या एका वकिलाकडे गेला. तो परगावी राहून खंड घेत असे. मालक बदलला, वही बदलली नाही.

३

१९२९ च्या मंदीपूर्वीच कापसाचे भाव ढासळू लागले होते. मंदीने ते पार कोसळवले. जीज बेंडची कुटुंबे कॅम्डेनच्या एका व्यापाऱ्याच्या उधारीवर जगत होती. भाव पडल्यावर तो त्यांचा कापूस जमा करून ठेवी आणि खाते पुढे ओढी. १९३२ साली तो व्यापारी मरण पावला आणि त्याच्या वारसांनी थकबाकीची वसुली काढली. साठांहून अधिक कुटुंबांवर एकदम जप्ती आली. गाई, खेचरे, डुकरे, कोंबड्या, नांगर, गाड्या, साठवलेला मका, रताळी, भुईमूग, बियाणे, असे जे हाती लागले ते सर्व नेण्यात आले. हिवाळा तोंडावर होता. रेडक्रॉसचे पीठ आणि मांस होडीतून आले म्हणून वस्ती वाचली. नाहीतर ती उपासमारीने संपली असती, असे त्या काळच्या सर्वच वृत्तांतांतून दिसते.

ह्या प्रसंगाचे नीट विश्लेषण करणे आवश्यक आहे. जप्ती कायद्याने झाली. कुणी दंगल केली नाही, आग लावली नाही. व्यापाऱ्याच्या वारसांकडे कागद होता आणि कुटुंबांकडे कागद नव्हता. आपण अत्याचार म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर रक्त येते. परंतु भूमिहीनाच्या आयुष्यातला सर्वांत मोठा अत्याचार पुष्कळदा शाईने लिहिलेला असतो.

ह्या उपासमारीमुळेच वस्ती केंद्र सरकारच्या नजरेस आली. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या ‘न्यू डील’ धोरणाखाली पुनर्वसन खात्याने १९३७ साली सुमारे दहा हजार एकरांचा हा मळा विकत घेतला. त्याच वर्षी आर्थर रॉथस्टीन हा सरकारी छायाचित्रकार येथे पाठवला गेला. ओंडक्यांची झोपडी, वाऱ्यासाठी भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रे आणि खिडकीत उभी असलेली काळी मुलगी, ही त्याची छायाचित्रे आज जगभर प्रसिद्ध आहेत. ती पाहताना एक गोष्ट विसरता कामा नये. वस्तीचे वर्णन करताना खात्यातील मंडळी तिला जवळजवळ आफ्रिकी टोळीच समजत होती. कुतूहल आणि कीव ह्यांचे ते मिश्रण होते. ज्यांनी शंभर वर्षे अमेरिकेचा कापूस पिकवला ते अमेरिकेच्या राजधानीला आदिम वाटावेत, ह्यात दोष कुणाचा?

तथापि ह्या योजनेने केले ते काम मोलाचे होते. नवी घरे बांधली गेली. लोक त्यांना आजही ‘रूझवेल्ट घरे’ म्हणतात. शाळा झाली, सहकारी दुकान झाले, कापूस पिंजण्याचा कारखाना झाला, दवाखाना झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चाळीसच्या दशकात ही जमीन कमी व्याजाच्या दीर्घ मुदतीच्या कर्जावर त्याच कुटुंबांना विकण्यात आली. ज्या मातीत आजोबा गुलाम होते, बाप वाटेकरी होता, त्या मातीचा नातू मालक झाला. दक्षिणेत अशा तऱ्हेने एका संपूर्ण काळ्या वस्तीच्या हाती जमीन येण्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

१९४९ साली येथे टपाल कचेरी आली आणि सरकारदरबारी वस्तीचे नाव ‘बॉयकिन’ झाले. फ्रँक बॉयकिन हा त्या भागाचा काँग्रेस सदस्य. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालाच्या विरोधात १९५६ साली दक्षिणेच्या गोऱ्या प्रतिनिधींनी जो जाहीरनामा काढला त्यावर त्याची सही आहे. असल्या माणसाचे नाव काळ्या वस्तीच्या कपाळावर मारले गेले. लोकांना कुणी विचारले नाही. लोकांनीही ते जिभेवर घेतले नाही; ते जीज बेंडच म्हणत राहिले. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे म्हणून १९७८ पासून १९९४ पर्यंत ज्यांनी घरे जळताना पाहिली, त्यांना नाव ही सत्तेची बाब असते हे सांगायला नको.

४

आता मतदानाचा प्रश्न. विलकॉक्स काउंटीत काळे लोक प्रचंड बहुसंख्येने होते. तरीही १९६५ च्या आरंभी तेथे नोंदलेल्या काळ्या मतदारांची संख्या शून्य होती. शून्य, म्हणजे एकही नाही. ही किमया कशी साधली होती? अलाबामातील घटनाज्ञानाच्या परीक्षा आणि अर्ज तपासणाऱ्यांची मनमानी तर होतीच. शिवाय ह्या काउंटीत नवा अर्जदार लायक आहे असे एखाद्या नोंदलेल्या मतदाराने हमी देऊन सांगावे लागे. नोंदलेले मतदार सर्व गोरे आणि कुणी गोरा हमी देत नसे. म्हणजे कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही न येता काळ्यांना वगळण्याची संपूर्ण सोय होती. १९६५ मध्ये केंद्रीय न्यायालयाने ही हमीची अट रद्द ठरवली.

जीज बेंडचे शेतकरी १९६३ सालीच नोंदणीसाठी कॅम्डेनच्या कचेरीत जाऊन उभे राहिले होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग स्वतः ह्या वस्तीत आले आणि चर्चमध्ये लोकांशी बोलले. त्यानंतर येथील स्त्रीपुरुष मोर्चे काढून कॅम्डेनला गेले, अश्रुधूर सोसला, तुरुंगात गेले. १९६८ च्या एप्रिलमध्ये अटलांटा शहरात किंग ह्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्यांची शवपेटी साध्या शेतगाडीवरून नेण्यात आली. त्या गाडीला जुंपलेली खेचरे जीज बेंडची होती, असे तेथे अभिमानाने सांगितले जाते.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, एवढ्या लहान, गरीब आणि एकाकी वस्तीतून हे धैर्य आले कोठून? उत्तर भावनिक नाही. ते आर्थिक आहे. शेजारच्या लाउंड्स काउंटीत ज्या वाटेकऱ्यांनी मतदार म्हणून नाव नोंदवले त्यांना मालकांनी घराबाहेर काढले. १९६५ च्या अखेरीस त्या कुटुंबांना तंबू ठोकून राहावे लागले. विलकॉक्समध्येही मळ्यांवरील कुळांच्या वाट्याला तेच आले. जीज बेंडच्या शेतकऱ्याला मात्र घराबाहेर काढणारा मालकच नव्हता. घर त्याचे होते आणि त्याखालची जमीनही त्याची होती. त्याची नोकरी घालवता येत नव्हती, कारण तो कुणाचा नोकर नव्हता. १९३७ च्या जमीनखरेदीचे फळ १९६५ च्या मोर्च्यात असे दिसले. जमीन हाती आली म्हणजे पोट भरते एवढेच नव्हे; पाठीचा कणाही ताठ होतो.

लाउंड्स काउंटीचे नाव आले आहे म्हणून एक नाते नोंदवून ठेवले पाहिजे. तेथील काळ्या लोकांनी १९६५-६६ मध्ये जो स्वतंत्र राजकीय पक्ष काढला त्याचे निवडणूक चिन्ह काळा चित्ता हे होते. तेच चिन्ह १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या तरुणांनी उचलले आणि ब्लॅक पँथर पक्ष जन्माला आला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली ती ह्याच नावाशी नाते सांगत. म्हणजे आपण ज्या शब्दाने स्वतःला एकेकाळी संबोधले त्याचा उगम एखाद्या महानगरात झालेला नाही. तो अलाबामाच्या कापूसपट्ट्यातील, जीज बेंडच्या शेजारच्या काउंटीतील खेडुतांमध्ये झाला आहे. डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. जनार्दन वाघमारे ह्यांनी मराठी वाचकाला काळ्या साहित्याची ओळख करून दिली, त्या साहित्याच्या पायाखालची भुई ही होती.

५

व्यवस्था स्वस्थ बसत नाही. काढून टाकता येत नाहीत अशा माणसांचे काय करायचे? त्यांना कोंडायचे. जीज बेंड आणि कॅम्डेन ह्यांच्यामधली फेरीबोट १९६२ साली बंद करण्यात आली. मतदानाची चळवळ आकार घेऊ लागली होती तो हा काळ. पाण्यावरून काही मिनिटांत जाणारा माणूस आता चाळीस मैलांचा फेरा घेऊ लागला. ज्याच्याकडे मोटार नव्हती तो जाईनासा झाला. बाळंतीण, आजारी म्हातारा, आग लागलेले घर ह्या सर्वांना त्याची किंमत मोजावी लागली. फेरीबोट पुन्हा सुरू झाली २००६ साली. मधे चव्वेचाळीस वर्षे गेली. बोट नाही म्हणून ज्यांचा जीव गेला त्यांची गणती कुठल्याही दफ्तरात नाही.

त्याच सुमारास नदीवर मिलर्स फेरी येथे धरण आणि वीजकेंद्र उभारण्याचे काम झाले. मागे जो जलाशय पसरला त्याने जीज बेंडची हजारो एकर सुपीक मळीची जमीन गिळली. ज्या पुराच्या गाळावर मका आणि कापूस पिकत असे ती भुई पाण्याखाली गेली. राहिली ती वरची हलकी जमीन. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जी जमीन मिळाली होती तिचा उत्तम भाग असा गेला. वीज कुणाला मिळाली, मासेमारीची सहल कुणाची झाली आणि शेत कुणाचे बुडाले, हा हिशेब धरणाखालच्या आपल्या गावांनीही मांडून पाहावा. पुनर्वसनाच्या यादीत अल्पभूधारकाचे नाव शेवटी आणि भूमिहीनाचे नाव कुठेच नाही, हा आपला अनुभव आहे.

जमीन खचली तेव्हा वस्ती बायकांच्या सुईवर तगली. २६ मार्च १९६६ रोजी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था स्थापन झाली. फ्रान्सिस वॉल्टर ह्या धर्मोपदेशकाने पुढाकार घेतला. काम जीज बेंड आणि आसपासच्या वस्त्यांतील काळ्या स्त्रियांनी उभे केले. जुन्या कपड्यांच्या गोधड्या त्या पिढ्यान्‌पिढ्या शिवत आल्या होत्या. कला म्हणून नव्हे; फटीतून येणारा वारा अडावा म्हणून. शेतात झिजलेल्या विजारी, फाटके सदरे, पिठाच्या आणि खताच्या पिशव्या, जे हाती येई ते जोडून त्या अंथरूण-पांघरूण करीत. आपल्या आयांनी जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या त्यामागे हेच शास्त्र होते. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली मृत नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. तो गेला, त्याची ऊब राहावी म्हणून. ती गोधडी आज कलासंग्रहालयाच्या मालकीची आहे.

ह्या सहकारी संस्थेचा माल न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांत विकला गेला. सिअर्ससारख्या कंपनीने सत्तरच्या दशकात उशांच्या अभ्र्यांचे मोठे काम दिले. ज्या बाईने आजवर रोख पैसा हाती धरला नव्हता तिच्या नावाने पगार निघू लागला. संस्थेने जमीन विकत घेतली आणि मतदार नोंदणीपायी बेदखल झालेल्या काही कुटुंबांना तिच्यातले तुकडे घरांसाठी दिले. शिलाईचा प्रश्न पुन्हा जमिनीशी येऊन भिडला तो असा! ही संस्था २०१२ पर्यंत टिकली.

पुढे गोधड्यांना कलेचे मोल आले. २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये त्यांच्यावर अमेरिकन टपाल तिकिटे निघाली. परंतु कौतुकासोबत बाजारही आला. २००७ साली काही गोधडीकार स्त्रियांनी आपल्या हक्काच्या पैशासाठी आणि आकृतिबंधांच्या वापराबद्दल न्यायालयात दावे दाखल केले. पुढच्या वर्षी ते तडजोडीने मिटले. खटल्याच्या गुणदोषांत येथे जाण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, दलितांची लावणी, दलितांची वाद्ये, दलितांची चामड्याची कारागिरी ह्यांना ‘लोककला’ म्हणून मखरात बसवताना कलावंताचा हिशेब कुणी विचारला होता काय? मखर संस्कृतीचे असते आणि भूक माणसाची असते.

६

आता ह्या इतिहासाचा आपल्या दृष्टीने अर्थ लावू. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी केली होती. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ ह्या निवेदनात बाबासाहेबांनी स्वतंत्र वसाहतींचा आणि शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा मुद्दा घटनेच्या कलमांच्या रूपात मांडला. त्यामागचा विचार स्पष्ट होता. जोवर अस्पृश्य गावाचा आश्रित आहे, गावाच्या भाकरीवर आणि गावाच्या कामावर जगतो आहे, तोवर त्याची मुक्ती शक्य नाही. त्याला स्वतःची भुई हवी आणि स्वतःचे गाव हवे. ह्या मागणीला त्या वेळी अव्यवहार्य म्हणून बाजूला सारण्यात आले. बाबासाहेबांच्या निधनानंतर दादासाहेब गायकवाड ह्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ च्या अखेरीस भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. तरी पदरात पडलेली जमीन अल्पच राहिली.

जीज बेंड ही त्या मागणीची परीक्षा दुसऱ्या भूमीवर नकळत झालेली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. येथे शोषितांची स्वतंत्र वस्ती होती आणि तिच्या हाती जमीनही आली. परिणाम काय झाला? पहिला परिणाम बाबासाहेबांच्या विचाराला पूर्णपणे पुष्टी देणारा आहे. जमीन आली तेथे आश्रितपण गेले आणि आश्रितपण गेले तेथे राजकीय धैर्य आले. दुसरा परिणाम सावध करणारा आहे. वस्तीजवळ जमीन होती, पण रस्ता, बोट, शाळा, दवाखाना आणि मतदारयादी ह्यांच्यावर तिचा अधिकार नव्हता. ते सर्व नदीपलीकडे होते. म्हणून जमीन काढून घेता आली नाही तेव्हा वाट काढून घेण्यात आली. स्वतंत्र वसाहतीला स्वतःची प्रशासकीय सत्ता नसेल तर तिचे रूपांतर कोंडवाड्यात करायला एका बोटीचा दोर पुरेसा होतो.

बाबासाहेबांच्या मांडणीत हा धोका ओळखलेला होता. म्हणूनच त्यांनी वसाहतीची मागणी एकटी कधी ठेवली नाही. तिच्याबरोबर वसाहतींसाठी वैधानिक आयोग, सरकारी सेवांतील वाटा, शिक्षणासाठी निधी आणि विधिमंडळातील स्वतंत्र प्रतिनिधित्व ह्या मागण्या सांगितल्या. जमीन, सत्ता आणि ज्ञान ह्यांपैकी एक मिळाले म्हणजे उरलेली दोन आपोआप येतात, ह्या भ्रमात ते नव्हते. आपल्याकडे ह्या तिहींचे तुकडे करून निरनिराळ्या गटांनी ते वाटून घेतले. कुणी राखीव जागांपुरते बोलले, कुणी जमिनीपुरते, कुणी साहित्यापुरते. जीज बेंडच्या बायांनी मात्र गोधडी विकून जमीन घेतली आणि मतासाठी बेघर झालेल्यांना त्या जमिनीत घर दिले. त्यांच्याकडे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ नव्हते. त्यांना तिन्ही गोष्टींचा धागा एकच आहे हे कळले होते.

ह्या इतिहासाला सुखान्त समजण्याचे कारण नाही. बोट आली, २०१९ पासून ती विजेवर चालते आहे. परंतु विलकॉक्स काउंटी आजही गरीब आहे आणि तरुण पिढी रोजगारासाठी शहरांकडे गेली आहे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातील निवडणुकीचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घेण्याची तरतूद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निष्प्रभ केली. तो खटलाही अलाबामातल्याच एका काउंटीने चालवला होता. दोन वर्षांनी त्या राज्याने मतदारांना छायाचित्र असलेले ओळखपत्र लागत असतानाच वाहन परवान्याच्या अनेक कचेऱ्या बंद करण्याचे ठरवले. काळ्या बहुसंख्येच्या काउंट्यांना त्याची झळ अधिक बसणार होती. ओरड झाली तेव्हा सरकारला काही अंशी माघार घ्यावी लागली. १९६२ ची बोट आणि २०१५ ची कचेरी ह्यांतले साम्य वाचकांनीच पाहावे. हक्क काढून घेतला जात नाही. हक्कापर्यंतचे अंतर वाढवले जाते.

म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि कार्यकर्ते ह्यांच्यापुढे एक काम मांडावेसे वाटते. जीज बेंडचा इतिहास आज उपलब्ध आहे, कारण १९३७ साली छायाचित्रे काढली गेली, १९४१ साली काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी तेथली गाणी आणि बोलणे ध्वनिमुद्रित झाले, आणि म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेले कुणी तरी लिहून घेतले. आपल्या वस्तीची नोंद कोण करणार? वस्तीच्या जमिनीचा सातबारा कुणाच्या नावे होता आणि कधी फिरला, इनामाची जमीन कुठे गेली, १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्यानंतर ती परत मिळाली की नजराणा भरायला पैसा नव्हता म्हणून हातची गेली, पाणवठ्याची वाट कुणी अडवली, गायरानासाठी कोण तुरुंगात गेले, मतदान केंद्र गावात कुठल्या बाजूला असते, एस. टी. वस्तीपाशी थांबते की पुढे जाते, हे सर्व प्रश्न इतिहासाचे आहेत. तलाठ्याचे दफ्तर आणि आजीची आठवण ही दोन्ही साधने समोर ठेवून प्रत्येक महाविद्यालयातील चार विद्यार्थ्यांनी जरी आपापल्या वस्तीचा इतिहास लिहून काढला, तरी दहा वर्षांत महाराष्ट्राचा इतिहास नव्याने वाचावा लागेल.

१९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहून, दोन समाजांच्या स्थितीत इतके साम्य आहे की निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास करणे अस्पृश्यांना आवश्यकच आहे, अशा आशयाचा विचार कळवला होता. तो अभ्यास ग्रंथांचा आणि नेत्यांचा पुष्कळ झाला. आता तो वस्त्यांचा व्हायला हवा. कारण नदी तिकडची असो की इकडची. काठावर कोण राहतो, पाणी कुणाचे आणि पलीकडे जाण्याची बोट कुणाच्या ताब्यात आहे, हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.